अस्तर आतल्या बाजूला

मी बर्फावरच्या हॉकीतला पॅड बोलतोय, उजव्या कोपराचा. डाव्या कोपराला माझा एक जुळा होता, पण त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, कारण आमचा मालक उजव्या हाताचा होता. मी मात्र माणसं आडवी केली आहेत. एके काळी हे मी मिरवायचो, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म २००२ सालचा. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी कडक प्लॅस्टिकची वाटी, आत पातळसा स्पंज, वर काळं कापड. खेळाडू पडला तर त्याचं हाड वाचावं, एवढ्यासाठी मला घडवलं. वाटीच्या बाहेरच्या बाजूला कोण येईल, हा प्रश्न तेव्हा कारखान्यात कोणाला पडला नव्हता. मलाही नाही.

मला घेतलं डेल हॅगस्ट्रॉमने. मिनेसोटाचा सव्वासहा फुटी पोरगा, शिकागोजवळच्या एका छोट्या व्यावसायिक लीगमध्ये बचावपटू. एरवी बोलायला इतका हळू की दुकानदार त्याला दोनदा विचारायचे. दर रविवारी आईला फोन. पण बर्फावर त्याचं काम ठरलेलं होतं. समोरच्या संघाचा चांगला खेळाडू हेरायचा आणि त्याला असा ठोकायचा की पुन्हा आपल्या बाजूला यायचं त्याने नाव काढू नये. अंगाने धडक देणं या खेळात नियमात बसतं. कोपर वर करून मारणं बसत नाही, पण त्याची शिक्षा दोन मिनिटं बाकावर बसणं. दोन मिनिटांचं काय एवढं?

पहिलं रक्त मी नोव्हेंबरात पाहिलं. एक गोरा, बारका खेळाडू मैदानाभोवतीच्या फळ्यांच्या कडेने, मान खाली घालून, चेंडूऐवजी या खेळात असते ती रबरी चकती काठीने ढकलत येत होता. डेल तिरका आला, घसरत्या वेगातच कोपर उचललं आणि मी त्याच्या जबड्यावर बसलो. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला, तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र सांडायला लागलं. पंचांनी बर्फावरून दोन दात वेचून रुमालात बांधले. सात हजार माणसं उभी राहून ओरडत होती, आणि मला वाटलं, ही सगळी माझ्यासाठीच ओरडताहेत.

दोन हिवाळ्यांत मी बरंच काही फोडलं. एक नाक, एक गालाचं हाड, एकाची भुवई अशी उघडली की डोळ्यावर रक्ताचा पडदाच आला. एकाला मी कानामागे लागलो. तो पडला, त्याच्या टाचा बर्फावर टक टक वाजत राहिल्या, मग तो उठला आणि सरळ जाऊन आमच्या बाकावर, आमच्याच माणसांत बसला. त्याला आपला संघ कोणता ते कळेना. सगळे खो खो हसले. मीही हसलो. आज त्याची मला शरम वाटते.

पुढे लीगच्या डॉक्टरीणबाईंनी हिशोब मांडला की डोक्याच्या निम्म्या दुखापती माझ्यासारख्या कडक वाट्यांमुळे होतात. २००४ च्या शरदात नियम आला. प्रत्येक पॅडच्या वाटीवर बाहेरून अर्धा इंच फोम चढवायचा. एक मोसम प्रयोग करायचा आणि एप्रिलमध्ये मत घेऊन ठरवायचं, ठेवायचा की काढायचा.

कपडे बदलायच्या खोलीत त्यावर जे भांडण झालं! आमचे प्रशिक्षक म्हणाले, "उद्या म्हणाल, बर्फावर गाद्या घाला." सगळे हसले. कोपऱ्यात बसलेला एक टकला, जुना बचावपटू तेवढा हसला नाही. सकाळी त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवायला वेळ लागायचा. तो बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला, "घाला."

माझ्यावर फोम चढला, वर पुन्हा काळं कापड, त्यावर तपासणीचा शिक्का. मला कोणीतरी गोधडीत गुंडाळून आजाऱ्यासारखं बसवलं आहे असं वाटायचं. आता मी लागलो की माणसं पडायची आणि लगेच उठायची. मला राग यायचा.

त्यातच माझा आतला स्पंज झिजून चपटा झाला होता आणि डेलचं कोपर लिंबाएवढं सुजलं. संघाचा सामान सांभाळणारा माणूस रजेवर. डेल कोपर चोळत मशीनरूमपाशी उभा असताना तिथल्या लहूने ते पाहिलं. लहू नागपूरचा, रेफ्रिजरेशन इंजिनिअर. बर्फ गोठवणारे कॉम्प्रेसर त्याच्या हाताखाली. तो म्हणाला, "माझ्या बायकोला दाखव. ती काहीही दुरुस्त करते." बायकोची फुशारकी मारायची त्याला सवयच होती.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानाच्या वर त्यांचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खुर्चीवर ओळखीपाळखीच्यांच्या ब्लाउजांचा ढीग. मालिनीने मला हातात घेतलं, दाबून पाहिलं, उसवलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हे बघा तरी! अस्तर बाहेरून लावलंय. मऊ बाजू जगाला आणि टणक बाजू बिचाऱ्याच्या हाडाला. कोणी शिवलं हे?"

"फॅक्टरीत केलं असेल," लहू चहा ढवळत म्हणाला. "इथं क्वालिटी कंट्रोल असंच आहे गं. दे फिक्स करून."

तिने कोणतीही चांगली शिंपीण करील तेच केलं. फोम बाहेरून सोडवला, आत घातला, टाके दिसू नयेत म्हणून काळं कापड पुन्हा हाताने शिवलं. शिक्का जिथल्या तिथे. तीस वर्षं तिने अस्तर आतच लावलं होतं. पैसे घेतले नाहीत. डेलने दोघांना मॅचचे पास दिले.

दुसऱ्या दिवशी डेलने मला चढवलं आणि त्याचा चेहरा खुलला. दुखणं थांबलं होतं. मग त्याने तळवा माझ्यावर ठेवला आणि दाबला. कापडाखाली वाटी टणक लागली. त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. त्याने जर्सी खाली ओढली. त्या क्षणी मी किती खूश झालो, काय सांगू!

मार्चमधली मॅच. मालिनी आयुष्यात पहिल्यांदा हॉकी बघायला आली होती, स्वेटरवर कोट, कोटावर शाल. पाहुण्या संघात ल्यूक फेरिस नावाचा बावीस वर्षांचा मुलगा होता, सगळ्यांत चपळ. दुसऱ्या सत्रात त्याने आम्हाला दोनदा चकवलं. प्रशिक्षक डेलच्या कानात काहीतरी बोलले.

ल्यूक मधल्या रेषेवरून येत होता. चकती पायात अडकली म्हणून त्याने अर्धा क्षण खाली पाहिलं. डेल तीन पावलांत पोचला. कोपर खालून वर आलं आणि माझी उघडी वाटी त्याच्या डाव्या कानशिलावर, हेल्मेटच्या कडेखाली बसली. मला हाड आत जाताना कळलं. दात तुटतो तेव्हा तो कडक तुटतो. हे तसं नव्हतं, हे आत दबलं. ल्यूक हवेतच मेल्यासारखा सैल झाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला. उजवा हात ताठ वर उभा राहिला, बोटं फाकली, आणि तो हात खाली येईना. नाकातून, कानातून रक्त आलं आणि बर्फावर पसरत गेलं.

आधी लोक ओरडले. नंतर गप्प झाले. त्याच्या संघाचे चौघे डेलवर तुटून पडले. ठोसे, शिव्या, कोणीतरी त्याचं डोकं काचेवर आपटलं. डेलने हात वर केला नाही. स्ट्रेचर गेलं, एक कामगार फावड्याने लाल बर्फ खरवडायला लागला. मालिनी उभीच होती, शाल तोंडावर धरून. तो पॅड कोणी शिवला, हे तिच्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं.

टीव्हीवर आठवडाभर तीच चर्चा. मऊ पॅड असूनही कवटी फुटली, मग असल्या नियमाचा उपयोग काय? आमचे संघमालक सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. लीगच्या चौकशी समितीने डेलला सोमवारी पॅड घेऊन यायला सांगितलं.

शनिवारी दुपारी डेल मालिनीच्या दारात उभा राहिला. डोळा काळानिळा, ओठाला टाके. मला टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅम, हे आधीसारखं करून द्या. फोम बाहेर."

"पण का? दुखतंय का परत?"

डेलने जमिनीकडे बघत सांगितलं की तो फोम त्याच्या कोपरासाठी नव्हताच. समोरच्याच्या डोक्यासाठी होता.

मालिनी खुर्चीत बसली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं दुखणं थांबलं होतं, मॅम." एवढं बोलून सव्वासहा फुटी माणूस हुंदके द्यायला लागला.

लहूने तिला स्वयंपाकघरात नेलं. भिंत पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

"शिवून दे आणि विषय क्लोज कर. टीमचा ओनर तोच अरीनाचा ओनर आहे, आणि त्याला हा नियम नकोच आहे. आपली ग्रीन कार्डची फाइल त्याच्या कंपनीतून आहे, चार वर्षं झाली. तू मध्ये पडलीस तर मला काढतील, मग सगळं परत झिरोपासून."

"आणि मी उलटा शिवून दिला तर? सगळे म्हणतील मऊ पॅडचा काही यूज नाही. नियम कॅन्सल होईल. मग पुढच्या वर्षी आणखी एक पोरगा पडेल. ती कोणाची चूक?"

"तुला माहीत नव्हतं गं!"

"नव्हतं. आता आहे ना."

लहूच्या येरझाऱ्या ऐकू आल्या. शेवटी म्हणाला, "मीच आणला होता त्याला घरी. सोमवारी मी ड्राइव्ह करतो."

समितीच्या लांब टेबलावर मी तसाच, न बदलता, पडलो होतो. एक माजी खेळाडू माझ्यावरचा शिक्का दाखवत म्हणत होता, बघा, हा कायदेशीर पॅड. डॉक्टरीणबाईंना बोलू देत नव्हते. तेवढ्यात डेल उठला आणि म्हणाला, या बाईंचं ऐका. मालिनी पुढे आली. पर्समधून ब्लाउज उसवायची छोटी कात्री काढली आणि कोणाला न विचारता माझं पोट फाडलं. वाटी एका हातात, फोम दुसऱ्या हातात.

तिचं इंग्लिश अडखळत होतं. "हे मी केलं. आमच्या धंद्यात मऊ बाजू कपडा घालणाऱ्याला देतात. मला वाटलं, फॅक्टरी चुकली. मी चुकले. तुमचा नियम चुकला नाही." मग वाटी तिने टेबलावर आपटली. सगळे दचकले. फोम वाटीवर धरून पुन्हा आपटली. तेव्हा आवाज नुसता धप्प आला.

एप्रिलच्या मतदानात नियम राहिला. डेलला दोन वर्षांची बंदी आली, त्याने खेळच सोडला. महिन्याभरात लहूची फाइल कंपनीने मागे घेतली. टेक्सासात शुगर लँडला त्याला एअर कंडिशनिंगचं काम मिळालं आणि ग्रीन कार्डच्या रांगेत तो पुन्हा शेवटी जाऊन उभा राहिला. मी अरीनाच्या कचऱ्यात जाणार होतो, लहूने मला उचलून घरी नेलं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

सामान बांधायच्या आधी, ऑगस्टमध्ये, ल्यूक आणि त्याची आई घरी आले. मालिनीने त्यांना पत्र लिहिलं होतं. ल्यूक शब्द शोधत बोलायचा, उजवा हात सांगितलेलं ऐकायचा नाही. डाव्या बाहीचं बटण सुटलं होतं. आई लावायला गेली की तो हात ओढून घ्यायचा, "मी करतो," आणि मग त्याची बोटं त्या बटणावरून घसरत राहायची. मालिनी ते बघत होती. ती आत गेली, मला घेऊन आली आणि माझा दाबला की चिकटणारा वेल्क्रोचा पट्टा कापला.

"हे त्याच पॅडचं आहे," ती म्हणाली. "घरात आत्ता दुसरं नाही. नको असेल तर उद्या नवीन आणते."

त्याच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तिने मला जाळलं असतं तर बरं झालं असतं. ल्यूकने स्वतःच बाही पुढे केली, आणि मालिनीने बटणाच्या जागी मला शिवलं.

माझी वाटी आणि फोम कुठल्या तरी पेटीत शुगर लँडला गेले. मी, म्हणजे उरलेला पट्टा, आज, २००८ सालीही, मिलवॉकीत ल्यूकच्या डाव्या मनगटावर असतो. मला लावायचं काम उजव्या हाताचं. रोज सकाळी पहिल्यांदा चुकतं, दुसऱ्यांदा वाकडं बसतं. आई दारात उभी असते, मदत होऊ नये म्हणून स्वतःचे हात पाठीमागे धरून.

दर शरदात लीगमध्ये कोणीतरी पुन्हा विषय काढतो की खेळ मवाळ झाला, तो फोम काढून टाका. त्या लोकांना माझी एक विनंती आहे. वाद घालायच्या आधी सकाळी साडेसातला इथे या. दारात त्या माउलीशेजारी उभे राहा, आणि त्याची बाही लागेपर्यंत थांबा. पुढे होऊन लावून मात्र देऊ नका, त्याला आवडत नाही.