लोकरीच्या झाडाची साक्ष

"वाकडं करा हो, मुद्दाम वाकडं करा," मी थोरलीच्या कानात तिसऱ्यांदा सांगितलं. "पुठ्ठा फाटू द्या, लोकर सुटू द्या. हात कसा झालाय ते कळू दे त्या डॉक्टरांना."

"वाकडं काम मला येत नाही," थोरली म्हणाली आणि तिनं पुठ्ठा दोन्ही गुडघ्यांत धरला.

मी कपाळावर हात मारून घेतला. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. वीस वर्षं एका घरात आमचं हाडवैर. मीठ जास्त पडलं तरी भांडण, कमी पडलं तरी भांडण. पण त्या दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांच्या खोलीत मी भांडायला गेले होते ती तिच्या बाजूनं.

खोकी बनवायच्या कारखान्यात ती पुठ्ठा कापायच्या यंत्रावर होती. मी तिथंच झाडू मारते. त्या यंत्राला दोन बटणं, प्रत्येक हाताला एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण काम लवकर उरकेना, म्हणून मुकादमानं उजवं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. चौथ्या दिवशी थोरलीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि उरलेली दोन लाकडासारखी झाली. अंगठा शाबूत राहिला, पण त्याला भेटायला बोट उरलं नाही. आणि मुकादम? तो अजून मुकादमच आहे. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई मात्र भल्या. मुलांच्या खोलीत मांडायला नाताळची झाडं हवी होती, ती त्यांनी थोरलीला करायला सांगितली. कापणं, गुंडाळणं, ओवणं, सगळा व्यायामच. पुठ्ठ्याचा शंकू करायचा, त्यावर हिरवी लोकर गुंडाळायची, जुन्या सदऱ्यांची बटणं टाचायची, टोकाला एक पिवळं बटण. पहिल्या झाडाला पाच दिवस लागले. मी हसले, म्हटलं, झाड आहे की भिजलेली कोंबडी? थोरलीनं ते उसवलं आणि पुन्हा केलं. अकराव्या झाडापर्यंत अशी सफाई आली की दुकानातलं बाजूला ठेवावं. बाईंनी कौतुकानं ते खिडकीत मांडलं.

तिथंच घात झाला. कारखान्याचे डॉक्टर कशाला तरी दवाखान्यात आले, झाड पाहिलं, कोणी केलं विचारलं. बाई बिचाऱ्या भोळ्या, अभिमानानं नाव सांगून बसल्या. आठवड्यात घरी चिठ्ठी: हात कामालायक आहे, सोमवारपासून यंत्रावर हजर व्हावे. त्याच यंत्रावर! माणसानं चांगलं काम केलं, हाच त्याचा गुन्हा.

चिठ्ठी थोरलीनंच वाचून दाखवली. मला वाचता येत नाही. ती सातवी पास. तिची सही पाहावी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या वळणापर्यंत एक रेघ इकडची तिकडे नाही. मला मात्र ती पाहुण्यांसमोरसुद्धा 'आमची अंगठेबहाद्दर' म्हणायची. ते मी कधी विसरले नाही.

चिठ्ठी घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "हात चालत नाही म्हणता, मग झाडं कोण करतं? उद्या सामान घेऊन या आणि माझ्यासमोर करून दाखवा एक."

आणि दुसऱ्या दिवशी ही बाई खरंच करायला बसली.

दहा वाजता सुरुवात केली. कात्री डाव्या हातात, पुठ्ठा गुडघ्यांत. शंकू पोटाशी दाबून धरायचा, लोकरीचं टोक दातांत आणि डाव्या हातानं शंकू फिरवत राहायचा. सुईत दोरा घालायला तिनं सोबत साबणाची वडी आणली होती. वडीत सुई उभी खोचायची, म्हणजे दुसरा हात लागत नाही. दोरा सहा वेळा चुकला. मी पुढे झाले तर तिनं अशी नजर टाकली की मी मुकाट्यानं मागे सरले. लोकर ओढून ओढून तिच्या ओठाचा कोपरा सोलला. डॉक्टरांनी वर्तमानपत्र वाचून संपवलं, दोनदा चहा घेतला. टोकाचं पिवळं बटण बसलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

"झालं की!" डॉक्टर म्हणाले. "छान झालंय. मग अडतंय कुठे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अडतंय कुठे? डॉक्टर, यंत्राचं बटण काय दातांनी दाबायचं? की पुन्हा चिकटपट्टी लावून देताय?"

"हे बघा बाई, कागदावर दोनच रकाने आहेत. काम करू शकते, करू शकत नाही. त्यांनी करून दाखवलं."

"आणि पावणेदोन तास लागले ते कुठे लिहिणार?"

"त्याला रकाना नाही."

कारकुनानं कागद थोरलीपुढे सरकवला. तिनं डाव्या हातानं सही केली. कारकुनानं फाईल उघडून जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली. "जुळत नाही. रेकॉर्डला उजव्या हाताची आहे. तशीच लागेल."

मला हसूच फुटलं, रागाचं हसू. हात चांगला आहे असं लिहिलेल्या कागदावर सही करायला तोच हात हवा!

थोरलीनं पेन उजव्या हातात घेतलं. ते पडलं. डॉक्टरांनी उचलून दिलं. पुन्हा पडलं, पुन्हा उचलून दिलं. तिसऱ्यांदा ते टेबलाखाली गडगडत गेलं, आणि डॉक्टर वाकले नाहीत.

"परत करू का?" थोरलीनं विचारलं. टोमणा नव्हता हो तो. खरंच विचारलं तिनं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग दुसरा कागद घेतला आणि लिहीत लिहीत मोठ्यानं वाचला, "यंत्रावर ठेवू नये. बसून करायचं काम द्यावं."

"यावरही सही लागेल, साहेब," कारकून म्हणाला.

"अंगठा घ्या."

शाईची डबी पुढे आली. जिंकलो होतो आम्ही, मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण थोरलीनं डावा अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला आणि ती त्या ठशाकडे बघतच राहिली. मला बघवेना.

बाहेर आलो. झाड तिनं त्यांच्या टेबलावर सोडलं नाही, काखेत घेतलं होतं. लोकरीला डाग लागू नये म्हणून काळा अंगठा लांब धरून ती जिन्यापाशी थांबली.

"धाकटे," ती हळूच म्हणाली, "हे कशाला पुसतात ग?"

वीस वर्षांत स्वतःला न येणारी गोष्ट तिनं मला विचारली ती ही पहिली. तोंडावर आलेलं गिळलं मी.

"केसांना पुसायचं, ताई. कपड्याला लागलं तर डाग जात नाही."

तिनं हात डोक्याकडे नेला आणि तसाच थांबवला. बोटं गेल्यापासूनच्या चार महिन्यांत तिचे केस पार पांढरे झाले होते.

मी तिचा अंगठा धरला आणि माझ्या केसांना पुसला.