पाचवा भोंगा

“हात तर लावून बघा, रविकांतराव! हा चुना कुणी फासला? विचारते आहे मी, कुणी?”

“अक्का, खूण इंजिनिअरनं केलीय. मी नाही.”

“तुम्ही बाजूला उभं राहून बघितलंत. तेच ते.”

“तुम्ही अशा चिडलात तर बोलायचं तरी कसं?”

“बोला की! काल आलेल्या माणसानं बोलावं, आम्ही ऐकावं.”

“काल? मद्रासला येऊन छत्तीस वर्षं झाली मला.”

“आमच्या घराला ह्या तामीळ मुलखात येऊन तीनशे झाली. छत्तीस म्हणजे कालच.”

ज्या भिंतीवर तो चुना आहे, ती भिंत माझी. मी ह्या पूंगातली, म्हणजे तुमच्या भाषेत बागेतली, रेडिओची खोली बोलतेय. आठ कोनांची, चार खिडक्यांची, डोक्यावर कौलांची टोपी. माझ्या अंगावर पाडायची पांढरी फुली मारलीय. ती मारणारे लोक वाईट नाहीत, हेच मला जास्त लागतं. वाईट लोकांची मला सवय आहे.

जर्मनीची लढाई पेटली त्या वर्षी मला बांधलं. घरोघरी रेडिओ नव्हता तेव्हा. कॉर्पोरेशननं माझ्या पोटात एक मोठा सेट ठेवला आणि चारी खिडक्यांत चार भोंगे बसवले. रामस्वामी नावाचा माणूस साडेपाचला यायचा, कमरेची किल्ली काढून कुलूप उघडायचा, सेट फडक्यानं पुसायचा. सेट तापायला वेळ लागे. तोवर हिरवळीवर माणसं जमत. वकील, कारकून, हमाल, सगळे एकाच गवतावर. हातात सुंडलच्या, म्हणजे उकडलेल्या चण्यांच्या, पुड्या. साडेसहाला बातम्या लागल्या की चावायचेही थांबत. माणसं गप्प कशी होतात ते मी तेव्हा पाहिलं. आता तुम्ही मरणाच्या घरीसुद्धा इतके गप्प बसत नाही.

तीन भोंगे हिरवळीकडे होते. चौथा मागच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे गल्ली, गल्लीत पाण्याचा नळ, नळावर बायका. संध्याकाळी बागेत बसायची बायकांची रीत नव्हती. त्यामुळे चौथा भोंगा उगाच ओरडतो असं सगळे म्हणत.

उगाच नव्हता तो. दहा वर्षांची भवानी, आता चिडलीय तीच ही अक्का, भिंतीच्या पडक्या भागातून आत शिरायची आणि घागर बाजूला ठेवून माझ्या मागच्या पायरीवर बसायची. तिसरीनंतर तिची शाळा बंद केली होती. मुलीला तामीळ अक्षरं आली, पुष्कळ झालं, असं तिचा बाप म्हणाला होता. मग तिनं मला शाळा केलं. इंग्रजी बातम्या चालू असताना तिचे ओठ हलत. लोक उठून गेले की गवतातल्या सुंडलच्या पुड्या गोळा करी. आठ दिवसांपूर्वी कानांनी ऐकलेली बातमी तिला त्या तेलकट कागदावर छापलेली सापडे, आणि ती बोट ठेवून आवाजाला अक्षर जुळवत बसे. अशी ती इंग्रजी वाचायला शिकली. पुढं चाळीस वर्षं तिनं गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवलं. प्रमाणपत्र विचारणाऱ्याला ती माझ्याकडे बोट दाखवायची.

गांधीजी गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी हिरवळीवरची माणसं एकदम उभी राहिली. कुणी रडत होतं, कुणी ओरडत होतं, भोंग्यांचे शब्द त्यात बुडाले. भिंतीपलीकडून बायका विचारत होत्या, काय झालं, काय झालं. पुरुषांपैकी एकानंही मान वळवली नाही. सोळा वर्षांची भवानी भिंतीवर चढली आणि तिनं ती बातमी आधी तामिळीत सांगितली, मग आपल्या आईसाठी मराठीत. तेव्हापासून रोज सांगायची. रामस्वामी म्हणायचा, मला चार भोंगे दिले सरकारनं, पाचवा माझा मीच मिळवला.

मग लोकांनी खिशात मावणारे रेडिओ घेतले. मग टीव्ही आला. रामस्वामी निवृत्त झाला, पुढं वारलाही. एक दिवस सेट काढून नेला. तीन भोंगे चोरीला गेले. मागचा राहिला, कारण तो कुणाच्या डोळ्यांत भरलाच नव्हता. माझ्या पोटात झाडू ठेवले, मग शेणखत, मग कुणाच्या तरी लग्नाच्या मोडक्या खुर्च्या. पत्ते खेळणारे आले. ज्या भिंतीला पाठ लावून बसायचं, ती लोकांनी लघवीची केली. मी कुणाला दोष देत नाही असं म्हणायला हवं, पण मी देते. शिकलेले होते ते.

फक्त साडेसहाला भवानी यायची. मी मुकी होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी येऊन मागच्या पायरीवर बसायची, पंधरा मिनिटं, आणि उठून जायची. काय ऐकत होती, तिलाच ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी बागेचा अर्धा भाग गाड्या उभ्या करायला गेला. त्या दिवशी उरलेली बाग वाचवायला भवानीनं एक वही घेतली आणि ती गल्लीगल्ली फिरली. तामीळ सह्या, तेलुगू सह्या, अंगठे, चारशे बारा. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले रविकांतराव तिच्याबरोबर फिरले. शहरातल्या अड्यार भागातल्या एका ऑफिसातली ऋचा आली, जुन्या इमारतींचं शिकलेली. सरकारची एक योजना निघाली होती, ऐतिहासिक बागा पहिल्यासारख्या करण्याची. पण बाग ऐतिहासिक आहे याला पुरावा हवा. पुरावा भवानीनं शोधला. पंचाहत्तर वर्षांची बाई रोज बस बदलून जुन्या दप्तरखान्यात जायची. तीन आठवड्यांनी तिला बागेचा पहिला नकाशा मिळाला, गोऱ्या साहेबांच्या काळातला. तो तिनं स्वतः पातळ कागदावर उतरवून आणला. त्या दिवशी पायरीवर बसून ती एकटीच हसली होती.

नकाशात मी नव्हते. माझ्या जागी गोल हिरवळ होती. ते तिनंही पाहिलं असेल. पण बाग वाचली एवढंच तिला त्या आनंदात दिसलं.

“नकाशा कुणी आणला, अक्का?” रविकांतराव आता हळू बोलत होते. “तुम्हीच ना? नकाशात नाही ते ठेवायचं नाही, ही योजनेची अट आहे.”

“गोरे इथं हवा खायला यायचे, तेवढीच बाग जुनी? आम्ही आत आलो ती जुनी नाही?”

“तुमचं खरं आहे. पण त्या फॉर्मात खरं लिहायला रकाना नाही. बदल मागितला तर फाईल परत वर जाणार. मार्च संपला की मंजुरी गेली. मग उरलेल्या बागेतही गाड्या.”

“अय्यो, भीती घालू नका मला.”

“मलाच वाटतेय, अक्का.”

ऋचा मधे आली. “आजी, आपण तो एक भोंगा काढून काचेच्या पेटीत ठेवू. खाली माहिती लिहू, फोटो लावू.”

“काचेत? मुका करून?”

“आजी,” ती पोरगी म्हणाली, आणि तिला बोलताना वाईट वाटत होतं हे मला दिसलं, “तो मुकाच आहे.”

भवानीनं पिशवीतून सह्यांची वही काढली. पानं उलटली. नळावरच्या बायकांच्या लेकी-सुनांचे अंगठे होते त्यात, निळे, पुसट. आता त्या बागेत येतात, बाकांवर बसतात, पोरांना धावू देतात. बसायला दुसरी जागा नाही त्यांना. वही तिनं मिटली.

मला वाचवा असं मी म्हणणार नाही. भीक मागायला मी शिकले नाही, आणि जिला मी शिकवलं तीही शिकली नाही. एवढंच सांगते, जुनं जपायला निघालात की नकाशा बघाच, पण त्या जागी रोज कोण येऊन बसतं तेही एकदा बघा. नकाशात पायरी दाखवतात, पायरीवर बसलेलं माणूस दाखवत नाहीत.

भवानी माझ्या मागं आली. पायरीवर बसली नाही. चुन्याच्या फुलीवर तळहात टेकून उभी राहिली. हात पांढरा झाला, तो तिनं पदराला पुसला नाही. रविकांतराव आणि ऋचा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं घसा साफ केला, भिंतीवर चढून बातमी सांगायची तेव्हा करायची तसा, आणि गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“पाडा, पण साडेसहाला नको, त्या वेळी बातम्या असतात.”