पहिली खेप

भीमा ओलांडायच्या आमच्या उतारावर एके काळी नावा बांधणारी चार घरं होती. पुलाचे खांब वर येऊ लागले तशी तीन घरं सोलापूरच्या गिरण्यांत गेली. राहिला एकटा महिपती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, नदीला पाणी चांगलं होतं, आणि मजूर पलीकडच्या खांबांवर न्यायला दुधनीच्या मल्लप्पा ठेकेदाराला नाव हवी होती. वेळेत मिळाली नाही तर लोखंडी नाव आणतो, असं त्यानं बजावलं होतं. म्हणजे या धंद्याला टाळंच.

नेमका महिपती तापानं अंथरुणाला खिळला. काम आलं त्याच्या पोरावर, जोतीरामवर. गडी हुशार, पण उरकायची घाई फार. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा आणि वर डांबर ओतायचं, ही आमची रीत. तळाच्या एका लांब सांध्याला कापूस पुरला नाही. शहरातून आणायचा तर दिवस मोडणार. त्यानं नुसतं डांबर फासलं आणि वर फळ्या ठोकल्या. पुढच्या आठवड्यात नीट करू, असं स्वतःला सांगितलं. असला पुढचा आठवडा कुणाला कधी आलाय?

आणखी एक रीत आहे. नव्या नावेच्या पहिल्या खेपेला बांधणाऱ्यानं आपलं माणूस बसवायचं, मगच परकी माणसं चढतात. बाप आजारी, तेव्हा या वेळी ते टळलं, असं जोतीरामनं धरून ठेवलं होतं.

सकाळी मजूर काठावर जमले. नदी फुगलेली, मधली धार तांबडी. तेवढ्यात जोतीरामची आई, सोजरबाई, पदर सावरत आली. तिनं नदीला हळदकुंकू वाहिलं आणि सरळ नावेत जाऊन बसली. तिच्यामागं मजूर चढू लागले. 

"बेगा, बेगा," मल्लप्पा घड्याळ बघत कानडीत घाई करू लागला.

जोतीरामनं दाव्याला हात घातला. गाठ सुटेना. सुटू नये असंच त्याला वाटत होतं.

"आये, उतर," तो म्हणाला.

"का रं?"

"तळाच्या सांध्यात कापूस न्हाय. नुसतं डांबर हाय."

मजुरांनी भराभर खाली उड्या टाकल्या. "उद्या लोखंडी नाव येतीय," एवढंच बोलून मल्लप्पा जीपकडे वळला. सोजरबाई मात्र बसूनच राहिली.

"म्या आले नसते, तर बोलला असतास?"

जोतीराम दाव्याची गाठ परत आवळू लागला. तिला काय समजायचं ते समजलं. ती उतरली आणि घराकडे चालू लागली. तो शरमेनं मान खाली घालून मागं.

घरात महिपती तिची वाटच बघत होता.

"लागली का पलीकडं?"

"लागली की," ती म्हणाली. जोतीराम दारातच थबकला.

"थेंबभर तरी पानी आलं का आत?"

"न्हाय आलं."

"मग पोरगं तयार झालं म्हनायचं," असं म्हणून महिपतीनं समाधानानं डोळे मिटले.