सांडव्याच्या बाजूने

तळ्याच्या बांधाखाली गुडघे टेकून तिने पेल्यात पाणी धरलं आणि उजेडाकडे करून पाहिलं. चहासारखं दिसत होतं. ओतून टाकून तिने पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

"भाऊजी, बघा."

धाकटा दीर हात मागे बांधून उभा होता. त्याने पेला घेतला नाही. "झिरपतंय ते काय आजचंय का, वहिनी?"

"झिरपायचं ते नितळ. हे गढूळ आहे. बांधातल्या पाइपाच्या कडेनं आतली माती निघून येतेय."

"पालाबिला कुजला असेल."

भरावाच्या पायथ्याशी जिथून पाणी येत होतं तिथे तिने मूठ घातली. मनगटापर्यंत हात आत गेला. परवा तिथे बोटसुद्धा शिरत नव्हतं.

दीर खाली बसला.

तळं काही मोठं नव्हतं. दोन उतारांच्या मधल्या घळीत तिच्या नवऱ्याने तरुणपणी मातीचा बांध घातला, पाणी अडवलं आणि त्यावर दोघा भावांची शेतं भिजत आली. लग्न होऊन ती आली तेव्हा तो जेवताना, झोपताना तळ्याबद्दलच बोलायचा. ती शेजारणींना म्हणायची, माझी सवत माझ्याआधी घरात आलीय. पुढे नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडली आणि सवतीचं करणंही तिच्याच गळ्यात पडलं. सकाळी त्याला उठवायचं, पुसायचं, खुर्चीत बसवायचं, मग बांधावर जायचं. झुडपं उपटायची, उंदरांची बिळं बुजवायची. दमले म्हणायलासुद्धा समोर कुणी निवांत असावं लागतं.

सांडवा तेवढा पक्का होता. जास्तीचं पाणी त्या कडेच्या खडकावरून आपसूक निघून जायचं. पण तळं रिकामं करायची झडप गंजून कधीच बसली होती आणि तिच्याच पाइपालगत आता वाट पडली होती.

"तळं फोडायला लागेल," ती म्हणाली.

"टोमॅटो धरलेत, वहिनी. दोन पाणी मिळाली की माल हातात येतो. आठवडाभर थांबू."

"मग खाली ओढ्याकाठच्या घरांतल्या बायकांना तुम्ही सांगा. म्हणावं, आठवडाभर पोरांना खुशाल झोपवा."

दीर मातीत काडीने रेघा ओढत राहिला. "दादाला विचारलंत?"

"आता जाते."

"त्याला सोसायचं नाही."

"मला तरी कुठे सोसतंय, भाऊजी."

नवरा खिडकीशी बसला होता. तिथून बांधाचा माथा दिसायचा. आधी त्याला भरवावं, मग सांगावं असं ती ठरवून आली होती, पण दुसऱ्याच घासाला तिच्या तोंडून निघून गेलं. पाणी गढूळ आलंय, भोक मुठीएवढं झालंय, आता फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. तो ऐकत होता. तिसरा घास तिने पुढे केला तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही.

"अहो, काहीतरी बोला."

त्याने मान भिंतीकडे वळवली. ती चमचा धरून तशीच बसली. हात भरून आला तेव्हा तिने ताटली खाली ठेवली आणि भांडी उचलून उठली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा जड, अडखळता आवाज आला.

"सां... सांडव्याच्या बाजूनं. खडक आहे. हळू उतरेल."

ती वळली नाही. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्याकाठच्या घरांकडे गेली. संध्याकाळपर्यंत वरच्या रस्त्यावर जाऊन थांबा, असं दारोदार सांगत फिरली. कपडे वाळत घालणारी एक बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"वर तळं आहे?"

"आहे ना. तो काय बांध."

"अगं बाई. आम्हाला तर ती टेकडी वाटायची."

बाईने ओले कपडे तसेच बादलीत भरले आणि पोरांना हाका मारत आत पळाली.

माती खोदायचं मशीन आलं. चालवणारा पोरगेलासा होता, पण हात सावध होता. सांडव्यालगतची माती तो थराथराने काढत गेला. मधेच मशीन थांबवून त्याने डोकं बाहेर काढलं. "काकू, कुणी भरलंय हो हे? मशीनचे दात लागत नाहीत."

"आमच्या घरच्यांनी," ती म्हणाली.

दुपारी पाण्याला वाट मिळाली. आधी एक धार, मग खडकावरून रुंद, तपकिरी लोंढा, पण तोल सांभाळून उतरणारा. सकाळपासून न फिरकलेला दीर तेव्हा फावडं घेऊन आला. त्याने खाली चर फोडला आणि वाहत्या पाण्यातलं थोडं आपल्या वाफ्यांत वळवलं. बराच वेळ तो गुडघाभर चिखलात राबत होता. मग वर येऊन तिच्याशेजारी उभा राहिला.

"एक पाणी तर झालं," तो म्हणाला.

"दुसऱ्याचं?"

"बघू." त्याने तोंड पुसलं. "घरी जा आता, वहिनी. मी थांबतो इथं."

ऊन कलताना ती घरी आली तेव्हा खुर्ची खिडकीशी नव्हती. डाव्या पायाने रेटत त्याने ती खोलीच्या मधोमध आणली होती, पाठ खिडकीकडे करून. सदरा घामाने भिजला होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. खाली कुणाला काही नाही."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "माती?"

"पाण्याने पाइपापाशी तेवढी खाल्ली होती. बाकी तशीच आहे. मशीनवाला म्हणाला, दात लागत नाहीत."

ती त्याच्या पायाशी जमिनीवर टेकली. पाठ धरली होती, कोपरापर्यंत हात चिखलाने बरबटले होते. उठून धुवायचं त्राण नव्हतं. त्याने डावा हात लांबवून तिचं मनगट मांडीवर ओढून घेतलं, तिथली ओली माती नखाने काढली आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत दाबून पाहिली. चोळली. पुन्हा दाबली. माती फुटत नव्हती.

हात वर अवघडून तिच्या खांद्यात कळ येत होती. तिने तो काढून घेतला नाही.