वाकड्या मानेचा स्टँड

मी मोबाइलचा स्टँड बोलतोय. दुकानातला प्लास्टिकचा नव्हे. अडीच किलो लोखंड आहे मी. कुणाच्या खिशात मावत नाही, कुणाच्या धक्क्याने पडत नाही. मान तेवढी वाकडी आहे. ती का, ते सांगतो.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मला मास्तरांनी घडवलं. त्यांची शाळा सातवीत सुटली, पण लोखंड त्यांचं ऐकतं. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मोबाइलवर वर्गाचा एक ग्रुप काढला आणि मास्तरांच्या कामाचे व्हिडिओ त्यावर टाकायचं मनावर घेतलं. मास्तरांनी साफ नकार दिला. लोखंड काय फोनमध्ये कापतात, म्हणाले.

"मास्तर, लेथभोवती चाळीस मुलं उभी असतात," बाई म्हणाल्या. "मागच्यांना तुमचे हात दिसतच नाहीत. पुढच्यांच्या पाठी दिसतात."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी भंगारातून एक दांडा उचलला, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत कातायच्या यंत्रावर चढवला आणि मला कातून काढलं.

पहिल्या वर्षी माझा रुबाब काही औरच होता. मुलं घरी व्हिडिओ बघत, ग्रुपवर शंका विचारत. मास्तर बोलून उत्तर पाठवत: "उद्या ये. दाखवतो." दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही बघू लागली. मास्तर दाढी करून येऊ लागले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग बाई म्हणाल्या, लांब व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत बघत नाही. काय कापायचं, ते मास्तरांनीच सांगितलं. सुरुवात कापा. बाह्या दुमडणं, चष्मा लावणं, चकमधली चावी काढून खिळ्याला अडकवणं. चक म्हणजे लेथचा जबडा. कातायचा तुकडा, म्हणजे 'काम', त्यात ठेवून चावीने आवळतात. "त्यात बघायचंय काय? ते शेंबड्या पोरालाही कळतं."

चूक ती तिथे झाली.

परीक्षेआधी एका मुलीने सरावाला लेथ घेतला; मी शेजारीच फोन धरून उभा होतो. व्हिडिओ तिला तोंडपाठ होता. काम आवळलं आणि थेट बटण दाबलं. चावी चकमध्येच होती. ती गोळीसारखी सुटली आणि माझ्या मानेवर आदळली. मान वाकली, फोनचा चक्काचूर झाला. मुलीचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता.

ती मुलगी एवढंच म्हणाली, "तुम्ही चावी काढताना कधी दिसलाच नाहीत, मास्तर."

मास्तर रागावले नाहीत. स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी मला भंगाराच्या पेटीत टाकलं. व्हिडिओ बंद. ती मुलगीही लेथकडे फिरकेना. प्रॅक्टिकलला बसणार नाही, असं तिने बाईंना कळवलं होतं.

पंधरा दिवस मी गंज खाल्ला. मग मास्तरांनीच मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि मुलीला बोलावून घेतलं.

"मी करत नाही," ती म्हणाली.

"मीपण करत नाही. तू कर, मी फोन सांभाळतो. चावी काढण्यापासून."

माझी मान डुगडुगत होती. मास्तरांनी ती मुठीत धरली. मुलीने बाह्या दुमडल्या, चष्मा लावला, काम आवळलं. चावी काढली, फोनसमोर धरली, खिळ्याला अडकवली. मग बटण दाबलं.

व्हिडिओ सहा मिनिटांचा झाला. एक सेकंदही कापला नाही. खाली कुणीतरी लिहिलं, सुरुवात कंटाळवाणी आहे. मास्तरांनी एका बोटाने, पाव तास खपून, आयुष्यातलं पहिलं उत्तर टाइप केलं: "बोटं दहाच आहेत. बघ."

ती मुलगी प्रॅक्टिकलला बसली. पास झाली.

माझी मान मास्तरांनी घट्ट केली, सरळ केली नाही. हातोड्याच्या दोन घावांचं काम, पण करत नाहीत. त्यामुळे आमचे व्हिडिओ जरा तिरके दिसतात. दिसू देत. फोन वाकडा धरा हवं तर, पण सुरुवात सोडू नका.