भिंतीवरचं पुस्तक

राज्यं नव्यानं आखली गेली आणि तेलुगू मुलखात गेलेल्या, बोथच्या अलीकडच्या एका गावातल्या मराठी शाळेत पुस्तकं येईनाशी झाली. कापूस फुटला, थंडी पडली, वरून तेलुगूतले कागद येऊ लागले. पुस्तकं तेवढी आली नाहीत. विनोदिनीबाईंजवळ गोष्टीचं एकच पुस्तक होतं, मुधोळच्या भगवंतरावांनी लिहिलेलं. नदी कुठून येते ते पाहायला एक मुलगी काठाकाठानं चालत निघते, अशी ती गोष्ट. वर्गभर पोरं आणि पुस्तक एक.

म्हणून बाईंनी गेरू कालवला आणि शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर पहिलं पान उतरवलं. वर ठळक नाव घातलं : भगवंतराव, मुधोळ. मग दुसरं पान, तिसरं. हळूहळू गोष्ट कोपऱ्यावरून वळली आणि मागच्या भिंतीवर गेली. सकाळी धुकं इतकं दाट असायचं की अक्षरं दिसायचीच नाहीत. ऊन चढेल तशी एकेक ओळ वर यायची, आणि पोरं गुडघाभर पाण्यात उभी असल्यासारखी स्तब्ध राहून वाचायची. कापूस वेचून परतणाऱ्या बायाही थबकायच्या. कौशल्याबाईला वाचता येत नसे. ती लेकीकडून वाचून घ्यायची आणि विचारायची, "बाई, पोचली का वो ते पोरगी?"

"अजून चालतेय," बाई म्हणायच्या.

खरं तर पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती. वाळवीनं खाल्ली होती. बाईंनी पुष्कळ चालढकल केली. मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर, स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच शेवट लिहिला. डोंगरात एका दगडाखाली मुलीला ओंजळभर पाणी सापडतं. लिहिताना त्यांना आपला हात आपला वाटत नव्हता. पाणी मात्र ऐकू येत होतं.

हेडमास्तर सुधाकररावांनी भिंत पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. "बाई, हे छापून काढू. सगळ्या मराठी शाळा विकत घेतील. वर आपल्या शाळेचं नाव टाकू."

"आणि भगवंतरावांचं?"

"ते काय पाहायला येतात इथं? भिंतीवर उतरवताना तुम्ही तरी कुठं विचारलं होतं त्यांना?"

हे बाईंच्या जिव्हारी लागलं. नव्या आखणीत मुधोळ नांदेड जिल्ह्यातून निघून याच जिल्ह्यात आलं होतं. रविवारी त्या निर्मळवरून मोटारीनं तिथं गेल्या. भगवंतराव मुन्सफ कोर्टातली नोकरी संपवून घरी बसलेले, मितभाषी गृहस्थ.

"मी तुमचं पुस्तक चोरलंय," बाई दारातच म्हणाल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शिकवायला उतरवलंत, वर नाव घातलंत. याला चोरी म्हणत नाहीत. लेखकाच्या हक्कांचा नवा कायदा आलाय, त्यातही शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला एवढी मोकळीक आहे. छापून विकणं निराळं. तिथं मला विचारायला हवं, आणि मी नाही म्हणू शकतो." मग जरा हसले. "म्हणेनच असं नाही. आधी भिंत पाहू द्या."

शेवटाचं सांगणं बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

बाजाराच्या दिवशी भगवंतराव आले. ओळींखाली बोट धरून, ओठ हलवत, ते भिंतीच्या कडेनं चालू लागले. मागून पोरं, पोरांमागून बाया. कोपरा वळला, आणि काही वेळानं बोट थांबलं.

"हे माझं नाही."

"शेवटची पानं नव्हती," बाई कशाबशा म्हणाल्या. "पोरं वाट पाहत होती. मी मुधोळलाच सांगायला हवं होतं."

"माझ्या पोरीला उगम सापडत नाही, बाई. ती चालता चालता म्हातारी होते आणि नदीकाठीच घर बांधते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण दुखावलेपण होतं. "तुम्ही उतरवलंत त्याचं मला काही नाही. पण माझ्या नावाखाली मी न म्हटलेलं असावं, हे टोचतं."

बाईंनी ओलं फडकं उचललं. मागून कौशल्याबाई ओरडली, "पुसू नका वो! काऊन पुसता? आमच्या पोरी हेच आयकून झोपून राह्यल्या."

भगवंतराव त्या ओंजळभर पाण्याच्या ओळी पुन्हा बोट धरून वाचून गेले. मग स्टूल ओढून बसले.

"पुसू नका. इथं रेघ ओढा आणि या शेवटाखाली तुमचं नाव घाला. उरलेल्या जागेत माझा लिहा, मी सांगतो." मग सुधाकररावांकडे वळले. "छापायचं तर दोन्ही शेवट, दोन्ही नावं. आणि आधी माझ्या नांदेडच्या प्रकाशकाला विचारून."

"बघू," सुधाकरराव म्हणाले. पुढं त्यांनी तो विषय काढला नाही.

बाईंनी रेघ ओढली. स्वतःचं नाव लिहिताना अक्षर बारीक आलं. मग भगवंतराव सांगत गेले आणि त्या लिहीत गेल्या. उन्हं कलली, चुना तांबूस झाला. वाळायच्या आतच कौशल्याबाईची लेक त्या ओळी आईला वाचून दाखवू लागली, आणि भगवंतराव डोळे मिटून, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे, ऐकत राहिले.