सुरातली आई

माझी आई बेसूर होती, हे आधीच सांगून टाकते. थोडीथोडकी नाही, चांगलीच. आणि नशीब असं की तिचं लग्न झालं ते गाणं शिकवणाऱ्या माणसाशी.

बाबा रोज सकाळी बाहेरच्या खोलीत गायला बसायचे. ते गाणं टेप करायला टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं काम आईकडे. बटण दाबलं की ती तिथेच शिवण घेऊन बसायची आणि दोन मिनिटांत तिची गुणगुण सुरू व्हायची. बाबा गाता गाता थांबून म्हणायचे, "अगं, खाली उतरतेयस. गप्प बस ना जरा." ती "बरं" म्हणायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. पंचेचाळीस वर्षं हेच चाललं. आल्यागेल्यालाही ही चेष्टा पाठ झाली होती. आईसुद्धा हसायची, म्हणून आम्ही समजून चाललो की तिला काही लागत नसेल.

मागच्या वर्षी ती गेली. चार महिन्यांनी बाबांनी कॅसेटचा खोका माझ्यापुढे आणून ठेवला.

"हे सगळं फोनवर ऐकता येईल असं करून दे."

"तुमचं गाणं?"

"माझं गाणं घेऊन मी काय करू? ती असेल ना त्यात."

जुनी रेकॉर्डिंग स्वच्छ करणं हाच माझा धंदा. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की आधी जशीच्या तशी कच्ची प्रत घ्यायची, मग हवी ती साफसफाई करायची. नव्या येणाऱ्यांना हा नियम मी दरडावून शिकवते. कारण इतक्या जुन्या टेपवरचा लेप सुटायला आलेला असतो. ती एकदा धड वाजते, दुसऱ्यांदा नुसती खरखर.

आणि मी काय केलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आधीच्या कामासाठी नवा प्रोग्रॅम लावला होता, आवाज आत येतानाच साफ करणारा. तो बंद करायचा राहिला. पहिली कॅसेट लावली तेव्हा ऐकलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण आईचा आवाज कानावर पडेल या धास्तीनं मी हेडफोन काढून ठेवले आणि दुसरं काम घेऊन बसले. एकामागून एक अकरा कॅसेट गेल्या.

दोन दिवसांनी धीर करून ऐकलं. बाबांचा आवाज इतका लख्ख, जणू शेजारी बसून गातायत. काम चोख झालं होतं. गाणारा एक आवाज ठेवायचा आणि बाकी सगळा कचरा समजून काढायचा, एवढंच त्या प्रोग्रॅमला कळतं. आई कचऱ्यात गेली होती. कॅसेट पुन्हा लावल्या. मशीनवर तपकिरी भुकटी सांडत राहिली आणि आत नुसती खरखर.

ऑफिसात मी रडले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "त्यांचे व्हॉइस मेसेज असतील ना तुझ्याकडे? दहा मिनिटांचा आवाज पुरतो. गुणगुण तयार करता येईल."

होते मेसेज. जेवलीस का. फोन का उचलत नाहीस. येताना दूध आण. एवढ्यावरून प्रोग्रॅमनं आईचा गळा उभा केला आणि तो बाबांच्या गाण्याखाली घातला. आवाज अगदी तिचा, पण सूर मात्र नेमके. ते खाली ओढायची सोय होती. दोनदा तिथवर हात गेला. पण जिला जन्मभर बेसूर म्हणून टोकलं, तिला मीच बसून बेसूर करायचं, याला जीव धजेना. शिवाय वाटलं, बाबांचे कान तिखट आहेत. पहिल्याच ओळीला ते मला पकडतील आणि झापतील. खरं म्हणजे मला ते हवंच होतं.

बाबांनी फोन कानाशी धरून ऐकलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मांडीवर ठेका धरलेला हात थांबला.

"ही तर सुरात आहे गं."

त्यांनी फोन पुन्हा कानाशी लावला.

"अगदी सुरात आहे. मलाच ऐकू येत नव्हतं. मी आपला माझ्याच गाण्यात."

"बाबा, तसं नाहीये."

"तसंच आहे. तू माझी बाजू घेऊ नकोस." आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले.

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकूनही दिलं. खाली लिहिलं, 'तुमची काकू सुरात गायची. चूक माझी होती.' तासाभरात ते कुठल्या कुठे पोचलं. अनोळखी बायका बाबांना लिहू लागल्या, की तुमचं वाचून आमच्या घरातलं आठवलं. मावशीनं मला फोन केला. म्हणाली, "मला ठाऊक होतं. लहानपणीही ती किती छान गायची." मावशीला काही ठाऊक नव्हतं. तीच आईच्या गाण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर बाबांकडून आई पुन्हा जाणार. न सांगावं तर तिचं गाणं आपल्याला कळलंच नाही, हे ओझं घेऊन ते जगणार. कधी कधी मला त्यांचा रागही येतो. बायकोची माफी मागायला ती सुरात असायची काय गरज होती? बेसूर होती तेव्हा मागितली असती तर तिनं ऐकली तरी असती.

आता ते गात नाहीत. सकाळी त्याच जागी बसून ते ऐकतात आणि संपलं की हळूच म्हणतात, "चुकलं गं माझं." मी आतल्या खोलीत असते. ऐकते आणि काही बोलत नाही.

काल भांडी घासताना आईची गुणगुण आठवायला गेले. खरी, तिची स्वतःची. नळ बंद केला, डोळे मिटले. आवाज लगेच आला. सुरात होता. पुन्हा प्रयत्न केला, मग आणखी एकदा. दरवेळी सुरातच.